दुसऱ्या कडव्याला उतरायचं

“हे गाणं आहे की शिडी? आणखी एक पायरी चढले तर माझा जीव टाळूतून बाहेर येईल,” शेजारच्या मावशी पुटपुटल्या. ओठ मात्र गाण्याच्या शब्दांबरहुकूम हलत होते. समोरून बघणाऱ्याला वाटावं, बाई भक्तीत बुडाल्यात.

“दुसरं कडवं येऊ द्या,” तीही तितक्याच हळू म्हणाली. “तिथे उतरू.”

आणि तसंच झालं. पहिलं कडवं संपता संपता मागच्या बाकावरून ओळंबाकाका खोकले. त्या खोकल्यासरशी सगळी मंडळी खालच्या सुरात उतरली, थांबा आल्यावर बसमधून माणसं उतरतात तशी. धक्काबुक्की नाही, पण जरा घाईनंच. वर राहिले ते एकटे तिचे सासरे. समोर उभे, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर तृप्ती. मंडळी तळमजल्यावर आणि ते गच्चीवर, अशा थाटात गाणं शेवटापर्यंत गेलं. “आमेन” तेवढा सगळ्यांनी एकत्र म्हटला, कारण त्याला सूर लागत नाही.

या मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, वाद्य नव्हतं. कधीच नव्हतं. माणसांनी गळ्यानं गायचं, आणि एकानं सुरुवात करून द्यायची. ते काम तिच्या सासऱ्यांकडे, बाबांकडे, तिच्या लग्नाच्याही आधीपासून होतं. खिशातून सूरकाटा काढायचा, तो दोन दात्यांचा पोलादी चिमटा गुडघ्यावर हलकेच आपटायचा, त्याचा सूर घ्यायचा, आणि गाणं उचलायचं. त्यांनी उचललेलं गाणं बायकांना, पुरुषांना, सर्दी झालेल्यांना, सगळ्यांना झेपायचं. वर्षभरापूर्वीपर्यंत. मग सूर चढायला लागला. आधी केसभर, मग बोटभर. खोकायचं कोणी ठरवलं नव्हतं आणि उतरायचंही कोणी ठरवलं नव्हतं. हिरवळीवरून माणसं रोज जात राहिली की आपोआप वाट पडते, तशी ती पडली होती.

बाबांना ते कळत नव्हतं, आणि त्यांना ते कोणी सांगत नव्हतं.

त्या दिवशी प्रार्थना संपल्यावर पाळकांनी एक घोषणा केली. पाळक म्हणजे दोन्ही बाजूंना छत्री धरून मधे स्वतः भिजणारे गृहस्थ. ते म्हणाले, गाव सोडून गेलेल्या एका कुटुंबानं आपला कीबोर्ड मंडळीला देऊन टाकला आहे आणि तो सध्या सामानाच्या खोलीत चादरीखाली आहे. तो उपासनेत वाजवावा का, असा प्रश्न आला आहे. पुढच्या रविवारी उपासनेनंतर सगळ्यांनी बसून बोलू. “तोवर शास्त्र याबद्दल काय म्हणतं ते प्रत्येकानं वाचून या.”

“शास्त्र काही म्हणत नाही,” ओळंबाकाका मागून म्हणाले.

“तेच वाचून या,” पाळक म्हणाले.

तिला हे फार आवडलं. जे लिहिलेलंच नाही ते वाचून यायचं. घरी जाताना रस्ताभर ती त्याच विचारात होती, नवऱ्यानं विचारलं, भाजी घ्यायची का, तर म्हणाली, “कुठल्या अध्यायात?”

तिला मंडळीत ‘प्रश्नपत्रिका’ म्हणत. नाव ओळंबाकाकांनी ठेवलेलं. ते बांधकामावर मुकादम होते, भिंत सरळ आहे की नाही ते आयुष्यभर दोरीला वजन लटकवून बघत आले, म्हणून त्यांना ओळंबा हे नाव तिनं ठेवलं. फिटंफाट. लग्न होऊन या मंडळीत आली तेव्हा पहिल्याच रविवारी जेवताना तिनं विचारलं होतं, “इथे काहीच का वाजवत नाहीत?” सासूबाईंचा घास हातातच राहिला होता. नवऱ्यानं टेबलाखालून पाय दाबला होता. आणि बाबा इतके खूश झाले होते की जेवण टाकून चष्मा शोधायला उठले. “या घरात हे कोणी विचारलंच नाही,” म्हणाले. मग त्यांनी तिला दाखवलं: नव्या करारात गा म्हटलंय, मनापासून गा, एकमेकांना शिकवत गा. वाजवा असं मंडळीला कुठे सांगितलेलं नाही. “हा माझा अर्थ झाला. तू तुझा शोध, आणि सापडला की मला सांग.”

तेव्हापासून त्या दोघांचं हेच चालायचं. ती प्रश्न काढायची, ते उत्तर शोधायचे, आणि उत्तर नाही मिळालं तर दोघं जास्तच खूश. हल्ली मात्र प्रश्न विचारला की बाबा उत्तर द्यायचे ते दुसऱ्याच कुठल्या तरी प्रश्नाचं. तीही मान डोलावून म्हणायची, “हो, ते आहेच.”

ती दात बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून प्लास्टरचे जबडे आणि सोबत चिठ्ठी यायची, आणि तिच्या छोट्या लॅबमध्ये मेणात दात रोवून, साचा घालून, शिजवून, घासून ती कवळी तयार करायची. सोमवारी काम करता करता तिला जाणवलं, की आपण तर रोज न लिहिलेलंच वाचतो. चिठ्ठीत काय असतं? वरची पूर्ण कवळी, दातांचा रंग अमुक. बस. रंग सांगितला, म्हणजे बाकीचे सगळे रंग नकोत हे वेगळं सांगावं लागत नाही. पण कवळीला पॉलिश करा असं कोणी डॉक्टर कधी लिहीत नाही, आणि न करता पाठवली तर पेशंटचा गाल सोलून निघेल. म्हणजे डॉक्टर गप्प असतात ते दोन तऱ्हांनी. एका गप्प बसण्यात ‘नको’ असतं, दुसऱ्यात ‘ते काय सांगायचं’ असतं. दिसायला दोन्ही सारखीच. कोरा कागद.

संध्याकाळी हे सांगायला ती ओळंबाकाकांकडे गेली. ते आपल्या दाराची बिजागरी बदलत होते. तिनं स्क्रू धरले आणि आपला सिद्धांत मांडला.

“बरं,” काका म्हणाले. “मग ‘गा’ हे काय आहे? रंग की पॉलिश?”

“तेच विचारायला आले.”

“मी म्हणतो रंग. गा म्हटलं, म्हणजे गाणं निवडून दिलं. वाजवणं आपोआप बाजूला पडलं.”

“आणि कीबोर्डवाले म्हणतात, वाजवणं हे पॉलिश. गाण्याला जरा झळाळी.”

“ते म्हणणारच.”

“काका, एकदा एका आजींची कवळी आली होती. डॉक्टरांनी समोरच्या दोन दातांत फट ठेवायला सांगितलं नव्हतं. पण सोबत आजींचा जुना फोटो होता, त्यात फट होती. मी ठेवली. डॉक्टर फोनवर असे काही तापले की विचारू नका. आणि आजींनी आरशात बघितलं आणि रडायला लागल्या, मी परत मी झाले म्हणून.”

काकांनी तिच्या हातातून एक स्क्रू घेतला, जागेवर बसवला, आणि मग म्हणाले, “छान केलंस. आता मला सांग, उपासनेत डॉक्टर कोण आणि आजी कोण? आपण देवाला खूश करायला जमतो की स्वतःला आरशात बघायला?”

उत्तर नसलं की तिला गुदगुल्या व्हायच्या, तशा झाल्या. “हे बाबांना सांगायला हवं,” ती सहज बोलून गेली.

काकांचा पेचकस थांबला. “त्यांना कशाला,” ते म्हणाले. “त्यांचं मत ठाऊकच आहे.” मग बिजागरीकडेच बघत, “वाद्य आलं की सुरुवात कीबोर्ड करणार. मग समोर उभं राहायला माणूस कशाला लागतो? विचार कर.”

“म्हणजे तुम्ही बाबांसाठी...”

“मी शास्त्रासाठी,” काका म्हणाले. “बाबांसाठीसुद्धा. दोन्ही एकाच दिशेला आहेत, यात माझा काय दोष?”

तिनं शेवटचा स्क्रू त्यांच्या हातात ठेवला. “काका, तुम्ही चष्मा लावून शास्त्र वाचता. चष्म्याबद्दल शास्त्रात काही नाही.”

“चष्म्यानं वाचन बदलत नाही. जे लिहिलंय तेच वाचतो, फक्त दिसतं. बाक तसा, दिवा तसा. मदत निराळी, भर घालणं निराळं.”

“आणि सूरकाटा?”

“मदत. एकदा वाजतो आणि खिशात जातो. गाण्यात शिरत नाही.”

“आणि कानातलं यंत्र?”

काकांनी पहिल्यांदाच मान वर केली. “कोणाच्या कानातलं?”

“कोणाच्याही.”

बराच वेळ त्यांनी दार उघडून आणि मिटून बघितलं. दार मुळीच कुरकुरत नव्हतं. “चष्म्यासारखंच,” ते शेवटी म्हणाले. “पण मी ते कोणाला सांगायला जाणार नाही. चहा घेतेस?”

दुसऱ्या दिवशी संगीतबाई लॅबमध्ये आल्या. त्या शाळेत गाणं शिकवायच्या आणि कीबोर्डचा प्रश्न त्यांनीच काढला होता. निमित्त त्यांच्या आईच्या कवळीचं होतं, पण पिशवी काही त्यांनी उघडली नाही.

“ताई, मला खलनायिका समजू नका,” त्या म्हणाल्या. “मी खूप वाचलं. मोशेच्या नियमशास्त्रात देवाच्या उपासनेचा मंडप कसा उभारायचा ते खुंट्यांपासून पडद्यांपर्यंत सांगितलंय. यहुदी लोक गावोगाव प्रार्थनेला जमायचे त्या सभास्थानाचं मात्र नाव नाही. कोणी बांधा म्हटलं नाही. आणि आपला प्रभू दर आठवड्याला शब्बाथाच्या दिवशी तिथेच जायचा, उभा राहून वाचायचा. न सांगितलेलं सगळं वर्ज्य असतं तर तो तिथे पाऊल ठेवता का?”

“हे चांगलं आहे,” ती मनापासून म्हणाली. “हे ओळंबाकाकांना सांगितलंत?”

“सांगितलं. म्हणाले, सभास्थानात काही वाजत नव्हतं.” बाई हसल्या. मग समोरच्या फळीवरच्या जबड्यांकडे बघत राहिल्या. “आणि खरं सांगू? कीबोर्ड आला तर बाबांना विश्रांती मिळेल. मान राखून. कोणाला काही बोलायला नको. यंत्र आलं म्हणून माणूस बाजूला झाला, यात कोणाचाच अपमान नाही.”

त्या गेल्यावर ती हातातलं मेण तसंच धरून बसली. गंमतच होती. काकांना वाद्य नको होतं, त्यात बाबा होते. बाईंना वाद्य हवं होतं, त्यातही बाबाच होते. दोघं शास्त्र उघडून बसले होते आणि दोघंही खोटं बोलत नव्हते. ती विचार करत होती, बाबांचा सूर पूर्वीसारखा लागत असता तर या दोघांनी तीच पानं उघडली असती का? काकांनी नक्की. बाईंनीही, बहुतेक. म्हणजे प्रश्न खरा होता. फक्त त्याच्या आड आणखी एक बसला होता, पाय पोटाशी घेऊन, कोणाला दिसू नये म्हणून.

गुरुवारी बाबा स्वतःच लॅबमध्ये आले. टोपी काढून स्टुलावर बसले आणि तोंडातली कवळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. गेल्या वर्षी त्यांचे उरलेसुरले दात काढले तेव्हा ही कवळी तिनंच बनवली होती, आणि सासऱ्यांची म्हणून नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घासली होती.

“बघ जरा,” ते बोळक्या तोंडानं म्हणाले. “गाण्याला चालत नाही ही.”

हे तिसऱ्यांदा होतं. तिनं कवळी धुतली, उजेडात फिरवून पाहिली, परत बसवायला दिली. चावून बघा म्हणून खूण केली. चावणं ठीक. अमुक शब्द म्हणा, तमुक म्हणा. शब्द स्वच्छ. कुठे टोचतं? कुठेच नाही.

“मग काय होतं, बाबा?”

ते तिच्या ओठांकडे बघत होते. “थांब, दाखवतो,” म्हणाले. खिशातून सूरकाटा काढला, गुडघ्यावर आपटला, आणि कानाशी न नेता त्याची दांडी समोरच्या दातांवर टेकवली. डोळे मिटले. वाट बघितली. मग मान हलवली.

“बघ. काही येत नाही. आधी डोक्यात घुमायचा. तुझ्या कवळीत कुठे तरी काही चुकलंय.”

तिनं काटा हातात घेतला, आपटला, आणि दांडी स्वतःच्या दातांवर ठेवली. सूर कवटीत असा भरला की डोळ्यांत पाणी आलं. तिचे दात तिचे होते, हाडात रोवलेले. बाबांचे होते तेही तसेच, गेल्या वर्षापर्यंत. आता हिरडीवर नुसतं प्लास्टिक बसलं होतं, आणि मऊ हिरडीवरच्या प्लास्टिकमधून तो सूर पुढे जात नव्हता. म्हणजे कान केव्हाच गेले होते. बाबा दातांनी ऐकत होते. कोणाला कळू न देता, कदाचित स्वतःलाही नीटसं कळू न देता. आणि दात काढून तिनं बनवलेली ही सुंदर, गुळगुळीत कवळी घातली, त्या महिन्यापासून मंडळी खोकायला लागली होती.

बाबा फळीवरचे जबडे न्याहाळत होते. तिनं काटा पुन्हा आपटला, त्यांच्या मागे गेली, आणि दाते अगदी कानाजवळ धरले. सूर खोलीभर होता. बाबांनी मान वळवली नाही. “हा खालचा जबडा कोणाचा गं?” त्यांनी विचारलं. “भांडखोर दिसतो.”

ती समोर आली. या क्षणी बोलायला हवं होतं. खोलीत तिसरं कोणी नव्हतं.

“घासून देते, बाबा,” ती म्हणाली.

आणि तिनं खरोखरच मोटर लावून, ज्या कवळीला काही झालेलं नव्हतं ती पुन्हा घासली. बाबा समाधानानं बघत राहिले.

घरी तिनं सासूबाईंना गाठलं. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. तिनं काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, “लॅबमध्ये आले होते ना? कवळीच म्हणाले?”

“आई, तुम्हाला माहीत आहे.”

“मी रात्री त्यांच्या शेजारी झोपते. मला नाही कळणार? आम्ही आता बोलत नाही, खुणा करतो. लोकांना वाटतं म्हातारा-म्हातारीचं फार जमतं.” त्यांनी एक चादर झटकली. “एकदा पेपरात त्या यंत्राची जाहिरात होती. मी मुद्दाम ते पान वर ठेवलं. बघितलं त्यांनी. म्हणाले, यंत्रातून ऐकलेलं गाणं म्हणजे रेडिओ. देवाच्या घरात रेडिओ नेऊ का? आयुष्यभर इतरांना सांगितलं वाद्य नको, आता माझ्यासाठी मशीन घालून उभा राहू? झालं. मी परत विषय काढला नाही.”

“पण ते वाद्य नाही. ओळंबाकाकाच म्हणतात, चष्म्यासारखं आहे.”

“मग काकांनी सांगावं.”

“काका सांगणार नाहीत.”

“तुझ्या नवऱ्यानं सांगावं, मुलगा आहे.”

दोघी हसल्या, कारण तिचा नवरा वडिलांना हवा गार आहे एवढंही तीनदा विचार करून सांगायचा.

“मग राहिलं कोण?” सासूबाई म्हणाल्या. घडी घातलेली चादर त्यांनी उलगडली आणि पुन्हा तिची घडी घालायला घेतली. “तुझ्यावर फार जीव आहे त्यांचा. तू बोललीस तर त्यांना लागेल. फार लागेल. म्हणून तुला मी म्हणत नाही.”

रविवारी उपासनेनंतर बाक गोल मांडले. बाबांना मधोमध, पाळकांच्या शेजारी बसवलं होतं. चादर काढलेला कीबोर्ड कोपऱ्यात उभा होता, नव्या जावयासारखा संकोचून.

ओळंबाकाकांनी सुरुवात केली. अहरोनाच्या दोन मुलांनी देवासमोर न सांगितलेला अग्नी नेला आणि ते जागीच जळून मेले, हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणाले. संगीतबाईंनी सभास्थान काढलं. काकांनी बाजूला सारलं. मावशी म्हणाल्या, दावीद राजा तर तारा छेडून स्तोत्रं गायचा, त्याचं काय. काका म्हणाले, तो यज्ञही करायचा, मग आपण उद्यापासून मेंढ्या आणायच्या का? लोक हसले. मावशी म्हणाल्या, “मेंढ्यांना निदान खालच्या पट्टीत ओरडता येतं,” आणि लगेच तोंडावर रुमाल धरला. कोणी हसलं नाही.

पाळकांनी घसा साफ केला. ते म्हणाले, अहरोनाच्या मुलांना अग्नी कुठून घ्यायचा हे बहुधा सांगितलेलं असावं, म्हणजे ती गोष्ट न सांगितल्याची नाही, सांगितलेलं मोडल्याची असेल. उलट इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात एक जागा आहे, जिथे मोशे यहूदाच्या वंशाविषयी याजकपणाचं काही बोलला नाही, म्हणून त्या वंशातला याजक नाही, असं धरलंय. तिथे न बोलण्याचा अर्थ ‘नाही’ असाच घेतलाय. “म्हणजे शास्त्र स्वतःच आपल्या मौनाचा अर्थ कधी असा लावतं, कधी तसा लावू देतं. मला खरंच माहीत नाही,” ते म्हणाले, आणि तिला ते पहिल्यांदाच एका जागी उभे राहिलेले दिसले.

ती कान देऊन ऐकत होती. रंग की पॉलिश, रंग की पॉलिश. एरवी तिनं हात वर करून चार प्रश्न टाकले असते. आज तिचं अर्धं लक्ष बाबांकडे होतं. ते प्रत्येक बोलणाऱ्याकडे वळून बघत होते, पण जरा उशिरा. दुसऱ्याचं बोलणं सुरू झालेलं असायचं. सगळे हसले तेव्हा तेही हसले. सगळे गंभीर झाल्यावर आणखी थोडा वेळ हसत राहिले.

पाळक त्यांच्याकडे वळले. “बाबा, इतकी वर्षं गाणं तुम्ही सुरू करून देत आलात. तुमचं मत आम्हाला महत्त्वाचं आहे. वाद्य असावं की नसावं?”

बाबा उठून उभे राहिले. सदरा नीट केला. “घेऊ ना,” ते प्रसन्नपणे म्हणाले. “पुढच्या रविवारी तेच घेऊ. मला सगळी कडवी पाठ आहेत.”

संगीतबाई पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागल्या. तिच्या नवऱ्यानं भिंतीवरच्या घड्याळावर नजर खिळवली. ओळंबाकाका खोकले, सवयीनं. आणि त्या खोकल्यासरशी तिला दिसलं, की आता सगळे उतरणार. पाळकांनी तोंड उघडलंच होतं. “बरं, बरं,” ते म्हणाले, “मग हा विषय आपण आणखी महिनाभर प्रार्थनेत ठेवू, आणि...”

“थांबा,” ती म्हणाली.

“प्रश्न आहे का?” पाळकांनी आशेनं विचारलं.

“नाही. आज प्रश्न नाही.”

ती गोलाच्या मधून चालत गेली. सासूबाईंनी हात अर्धा पुढे केला, पण तिला अडवलं नाही. बाबा उभेच होते. तिनं त्यांना हाताला धरून बसवलं आणि स्वतः त्यांच्यासमोर खाली बसली, म्हणजे त्यांना तिचं तोंड दिसेल. त्यांचे डोळे लगेच तिच्या ओठांवर आले, आणि चेहरा उजळला. सूनबाईनं काही तरी शोधलेलं दिसतंय. लॅबमध्ये बोलली असती तर दोघांतच राहिलं असतं. आता इतक्या लोकांत, आणि उद्यापासून हा चेहरा तिला बघून असा उजळेल की नाही कोण जाणे. पण पुढच्या रविवारी ते पुन्हा समोर उभे राहतील, आणि पुन्हा खोकला येईल, आणि त्याच्या पुढच्याही.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्हाला ऐकू येत नाही.”

बाबांनी हात कानामागे नेला, पुढे वाकले. “काय म्हणालीस, पोरी?”

मागे कोणीतरी मोठ्यानं श्वास घेतला. तिनं त्यांचे दोन्ही हात धरले. वर्षभर या लोकांनी एकमेकांच्या कानातसुद्धा जे सांगितलं नव्हतं, ते आता हळू बोलून भागणार नव्हतं. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसानंही वळून बघावं इतक्या मोठ्यानं सांगितलं.

“बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही. आम्हा सगळ्यांना माहीत आहे.”